आधी पोटोबा, मग बँकॉक

माझ्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट आहे. तिचं नाव 'आई बँकॉक फायनल फायनल २'. फ्रीलान्सर माणूस फॉरेन ट्रिपला निघाला की अशी शीट तयार होतेच. तुमचा पगार एक तारखेला येतो. आमचा 'नेक्स्ट वीक नक्की' या तारखेला येतो आणि ही तारीख कुठल्याच कॅलेंडरमध्ये सापडत नाही. त्यामुळे आम्ही प्रत्येक रुपयाला एक रकाना देतो आणि रात्री शांत झोपतो.

२०२४ चा डिसेंबर. आईला रिटायर होऊन सहा महिने झाले होते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत, त्यातली बहुतेक अकाउंट्सला. 'तुला एकदा तरी परदेश दाखवीन' असं मी कॉलेजात असताना बोलून बसले होते. आता सबब उरली नव्हती. शनिवार ते बुधवार, पाच दिवस, आई आणि मी. बँकॉक!

शीटमध्ये सगळं होतं. विमान. हॉटेल. ग्रँड पॅलेसचं तिकीट माणशी ५०० बाट, वाट फोचं ३००. नदीतल्या क्रूझवरचं कँडललाइट डिनर, दोघींचे मिळून ३००० बाट (कारण ब्रोशरमधला फोटो फारच भारी होता). शॉपिंग. शेजारच्या काकूंसाठी काहीतरी. आणि सगळ्यात खाली शेवटची ओळ, 'जेवण: उरलेले'.

उरलेले किती, तर दोघींना मिळून दिवसाला ३०० बाट. आम्ही गेलो तेव्हा एका बाटला साधारण अडीच रुपये पडत होते. म्हणजे दिवसाचे साडेसातशे रुपये, दोन माणसं, तीन वेळा. मी म्हटलं, हॅ, स्ट्रीट फूड तर आहे! बँकॉकला रस्त्यावर साठ बाटात प्लेट मिळते असं सगळेच सांगतात. होऊन जाईल.

'होऊन जाईल' या दोन शब्दांवर आपल्या पिढीचे किती प्लॅन उभे असतात, नाही?

सेफ म्हणून खाल्लं आणि...

शनिवारी संध्याकाळी पोचलो. आई दमलेली. पहिल्याच रात्री रिस्क नको म्हणून मी शहाण्यासारखं हॉटेलजवळचं एक इंडियन रेस्टॉरंट गाठलं. आपलं जेवण म्हणजे सेफ जेवण, असं आपलं एक पक्कं गणित असतं. आत आम्ही दोघी, एक वेटर आणि एक टीव्ही. डाळ, पनीर, जिरा राइस, तीन रोट्या, पाण्याच्या दोन बाटल्या. बिल ७८० बाट. म्हणजे जवळपास दोन हजार रुपये. माझ्या शीटप्रमाणे अडीच दिवसांचं जेवण एका बैठकीत संपलं.

आणि पहाटे दोनला माझं पोट बोलायला लागलं. आईने पनीरला हात लावला नव्हता, ती ठणठणीत. तिच्या पर्समधून ओआरएसचं पाकीट निघालं, बाटलीत मिसळून झालं आणि 'एक एक घोट घे, गटागट नको' अशी ऑर्डरही सुटली. सकाळपर्यंत मी माणसात आले.

नंतर विचार केला तेव्हा कळलं, की त्या रेस्टॉरंटमध्ये भारतीय सोडून बाकी काहीच सेफ नव्हतं. गिऱ्हाईक नाही, म्हणजे जिन्नस हलत नाही. पनीर कधीचं कोण जाणे. ग्रेव्ही सकाळची. मेन्यू कार्ड ओळखीचं असलं की आपण बाकीचं बघतच नाही.

पण हे शहाणपण नंतरचं. रविवारी सकाळी मी आईला एवढंच म्हटलं, "आई, आज जरा जपून हं. काल अडीच दिवसांचं जेवण झालंय आपलं." मी हसत म्हटलं होतं. तीही हसली. पण चौतीस वर्षं अकाउंट्सला काढलेल्या बाईला असली वाक्यं गंमत म्हणून ऐकू येत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

'गाय खाव'?

सकाळी नाश्त्याला एका गल्लीतल्या दुकानात गेलो. बोर्डावर इंग्लिश अक्षरांत लिहिलेलं होतं, 'खाव मन गाय'.

आईने वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं.

"चल इथून."

"अगं आई..."

"चल म्हणते ना! स्वच्छ लिहिलंय. गाय खाव."

आता सांगते. थाई भाषेत 'गाय' म्हणजे कोंबडी. 'खाव' म्हणजे भात. 'खाव मन गाय' म्हणजे चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलेला भात आणि वर उकडलेलं चिकन. बँकॉकमधल्या सगळ्यात साध्या, पोटाला सोसणाऱ्या आणि स्वस्त डिशेसपैकी एक. बीफला थाईत 'नुआ' म्हणतात. पण हे मला त्या वेळी कुठे माहीत होतं? साडेपाच हजार शब्दांचा प्रवासलेख लिहू शकणारी मी, पण जिथे जायचं तिथले खाण्याचे सहा शब्द पाठ करून गेले नव्हते.

तर नाश्त्याला आईने एक केळं खाल्लं आणि चहा घेतला. त्याआधी शुगरची गोळी मात्र घेतली होती. सात वर्षांची सवय.

मग ग्रँड पॅलेस. ऊन, गर्दी, सोनं, फोटो. बाराच्या सुमाराला मी विचारलं, "जेवायचं?" आई म्हणाली, "भूक नाही गं. तू खा." माझं पोट अजून रुसलेलंच होतं, त्यामुळे मला बरंच वाटलं. मी फार आग्रह केला नाही. ही माझी दुसरी चूक.

वाट फोमध्ये शेहेचाळीस मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. आई त्याच्या पावलांपाशी बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, भारावून गेली. बाहेर आलो, था तियेनच्या धक्क्याकडे चालायला लागलो आणि तिने माझा दंड धरला. हात थरथरत होता. कपाळावर घाम. बोलताना शब्द अडखळत होते.

ज्यांच्या घरात डायबेटिस आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. साखर उतरली होती.

समोर एक बाई गाडीवर संत्र्याच्या रसाच्या छोट्या बाटल्या विकत होती. मी धावले. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, बाटलीचं बूच काढून माझ्या हातात दिली. पैसे घ्यायच्या आधी. अर्धा ग्लास रस पोटात गेला आणि पंधरा मिनिटांनी आईचा चेहरा परत आईसारखा झाला. ती पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

शेजारच्या गाडीवर एक मावशी ऑम्लेट टाकत होती. मोठ्या कढईत, तेलात फुगलेलं, गरम भातावर. 'खाव खाय जियाव' नावाची ही डिश म्हणजे आपला ऑम्लेट-भात समजा. चाळीस बाट. आईने पूर्ण प्लेट संपवली. मग मी विचारलं, "भूक नव्हती ना तुला?"

आई पाण्याकडे बघत म्हणाली, "चाळीस बाट म्हणजे शंभर रुपये. सकाळपासून मी जिथे बघते तिथे अडीचने गुणते. तुझी ती शीट पाहिली मी विमानात. जेवणाला तीनशे. काल सातशे ऐंशी झाले. तुझे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत हे काय मला माहीत नाही? म्हटलं, एक दिवस मी नाही जेवले तर टॅली होईल."

टॅली होईल!

निजलेला बुद्ध बघायला आम्ही दोघींचे ६०० बाट दिले होते. विचार न करता, कारण ते शीटमध्ये होते. आणि माझी आई चाळीस बाटचा भात वाचवत होती, कारण तो शीटमध्ये नव्हता.

शीट उलटी केली

त्या रात्री हॉटेलच्या बेडवर मांडी घालून आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसलो. आईने चष्मा लावला. "पहिली ओळ कुठली असते बजेटात?" तिने विचारलं. मी म्हटलं, "विमान." ती म्हणाली, "नाही. जी थांबवता येत नाही ती. आस्थापना खर्च आधी, मग योजना." आधी पोटोबा मग विठोबा हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते सरकारी भाषेतही म्हणता येतं, हे मला नव्याने कळलं.

मग जेवणाची ओळ सगळ्यात वर गेली आणि आम्ही ती 'उरलेले किती' असं न विचारता 'लागतात किती' असं विचारून भरली. माणशी, दिवसाला:

नाश्ता ६० बाट. कन्व्हिनिअन्स स्टोअरमधली उकडलेली अंडी, केळं, सोया मिल्क. फॅन्सी काही नाही, पण गोळीच्या वेळेला हातात हवं.

दुपारचं जेवण ८० बाट. गाडीवर किंवा फूड कोर्टात.

संध्याकाळी फळं किंवा काही खायला, ४० बाट.

रात्रीचं जेवण १२० बाट. बसून, पंख्याखाली, निवांत.

पाणी ३० बाट. नळाचं पाणी प्यायचं नाही, हे ठरलेलं. बंद बाटली.

हे झाले ३३० बाट. यात आईने आणखी एक ओळ घातली, 'राखीव: १००'. म्हणजे एखादी जागा पटली नाही, उठून दुसरीकडे जायचं झालं, पाय दुखले म्हणून जवळच्या महाग ठिकाणी बसावं लागलं, किंवा मागवलेलं समोर आलं आणि वास बरा वाटला नाही, तर ताट तसंच सोडून उठता आलं पाहिजे. मला ही ओळ सगळ्यात आवडली. परदेशात आपण आजारी पडतो ते बरेचदा न पटलेलं खाल्ल्यामुळे. आणि न पटलेलं खातो, कारण पैसे दिलेले असतात.

एकूण माणशी ४३० बाट. दोघींचे ८६०. पाच दिवसांचे ४३०० बाट, म्हणजे पावणेअकरा हजार रुपये. माझ्या मूळ शीटमध्ये होते १५०० बाट. कमी पडत होते २८००.

ते आणायचे कुठून? आईने बोट ठेवलं ते थेट क्रूझवर. "हे काय आहे?"

"नदीतून जायचं आणि जेवायचं. बुफे असतो."

"बुफे म्हणजे संध्याकाळी करून ठेवलेलं, झाकण काढ-घाल चाललेलं. त्याला तीन हजार?"

आणि खरंच की. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अन्नसुरक्षेची पाच सूत्रं जाहीर केली: स्वच्छता ठेवा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि जिन्नस चांगले वापरा. त्यात तापमानाचा मुद्दा सोपा आहे. पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मधल्या पट्ट्यात जंतू मजेत वाढतात. शिजलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. डिसेंबरातसुद्धा बँकॉकची दुपार तिशीच्या वर असते. अशा हवेत कोमट बुफे महाग असला तरी कोमटच. क्रूझ गेली. नदी आम्ही साध्या प्रवासी बोटीतून पाहिली. तीच नदी होती.

मार्च एंडिंग

एक प्रॉब्लेम राहिला. आई पैसे वाचवणार. हे जगातल्या कुठल्याही शीटने थांबत नाही.

मग मी तिच्याच भाषेत नियम केला. रोज सकाळी तिच्या हातात रोख ४३० बाट. वेगळं पाकीट, वेगळी पर्स. हिशेब मला द्यायचा नाही. पण रात्री झोपताना जे उरेल ते लॅप्स. माझ्याकडे परत. दुसऱ्या दिवशी नवा निधी.

आईच्या डोळ्यांत चमक आली. चौतीस वर्षं तिने हेच केलं होतं. अखर्चित निधी परत जातो, हे दुःख तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पुढचे तीन दिवस रोज रात्री साडेआठला आई घड्याळाकडे बघून म्हणायची, "पस्तीस बाट राहिलेत. चल, खाली जाऊन पेरू घेऊ." मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं सरकारी ऑफिस आमच्या रूममध्ये चालू होतं!

यातली खरी गोष्ट अशी. हातात पैसे आले की अडीचने गुणणं थांबतं. प्रत्येक वेळी मुलीच्या पाकिटातून जात असेल तर आईला तो रुपया दिसतो. स्वतःच्या पर्समधून गेला की तो नुसता बाट असतो.

सोमवारचा पेच

सोमवारी आई काही मांसाहारी खात नाही, अंडंसुद्धा नाही. आणि बँकॉकमध्ये बऱ्याच रस्त्यांवर सोमवारी हातगाड्या लागत नाहीत, पदपथांच्या साफसफाईसाठी सुट्टी असते. दोन्ही एकाच दिवशी!

आम्ही गेलो असोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ मॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या फूड कोर्टात. मॉल म्हटला की आपण घाबरतो. इथे उलटं आहे. आजूबाजूच्या ऑफिसांतली पोरं गळ्यात आयडी कार्ड लटकवून जेवायला येतात, दर रस्त्यावरच्यासारखेच. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, स्टॉलवर ते दाखवायचं, उरलेले पैसे निघताना परत मिळतात. बजेटवाल्यांसाठी स्वर्ग. कार्डावर दोनशे भरले की दोनशेच्या वर खर्च होऊच शकत नाही.

आणि तिथे भेटलं 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल रंगात एक थाई अक्षरचिन्ह, इंग्लिशमधले एक आणि सात आकडे शेजारी लिहिल्यासारखं दिसतं. ही पाटी म्हणजे शुद्ध शाकाहार. आपल्याकडच्या 'व्हेज'पेक्षा कडक. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, फिश सॉस नाही. आणि कांदा-लसूणही नाही! मूळ चिनी बौद्ध-ताओ परंपरेतलं. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, तेव्हा अख्खं चायनाटाउन या पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं.

मी हे आईला सांगितलं. तिने टोफू-भाताचा घास घेता घेता मान हलवली. "म्हणजे चातुर्मासच की यांचा."

ज्या शाकाहारी मित्रमैत्रिणी थायलंडला मॅगीची पाकिटं भरून नेतात, त्यांच्यासाठी हे अक्षर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. कारण नुसतं 'नो मीट' सांगून भागत नाही. भाजीतसुद्धा 'नाम प्ला' म्हणजे फिश सॉस पडतोच. तो तिथल्या स्वयंपाकात आपल्या मिठाच्या जागी असतो.

आईची तपासणी

मंगळवार-बुधवार आम्ही फक्त रस्त्यावर जेवलो. गाडी निवडायचं खातं आईकडे. तिने कुठलीही गाईडलाइन वाचली नव्हती. ती लांब उभी राहायची, पर्स छातीशी धरून, दोन मिनिटं. मग 'हो' किंवा 'नाही'.

मी विचारलं, काय बघतेस?

"भांडी कशात धुते ते. पाणी बदलते का एकाच बादलीत बुचकळते. पैसे घेणारा हात आणि अन्नाचा हात एकच आहे का. फडकं कितीदा पिळते. आणि जेवायला कोण बसलंय."

जेवायला कोण बसलंय, हा सगळ्यात मोठा मुद्दा. सिलोमच्या ऑफिसांमागच्या गल्ल्यांत दुपारी बाराला ज्या गाडीपुढे रांग असते, तिथे पातेल्यातलं काहीही तासभर टिकत नाही. ताजं आपोआपच असतं. शिवाय रोज येणारं गिऱ्हाईक आजारी पडलं तर उद्या येणार नाही, हे त्या मावशीला पक्कं माहीत असतं. टूरिस्टचं काय, तो उद्या विमानात.

तीच गाडी दुपारी साडेतीनला नको. तेव्हा रांग नसते आणि भात सकाळचा असतो. शिजवलेला भात तासन् तास तसाच राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात आपण घरी आवडीने खातो, पण तो भात कधीचा आणि कुठे ठेवलेला होता ते आपल्याला माहीत असतं.

बर्फाचंही तसंच. मधोमध भोक असलेले नळीसारखे तुकडे फॅक्टरीतून पिशव्यांतून येतात, त्यांच्यावर आम्ही विश्वास टाकला. लादी फोडून केलेला चुरा टाळला. कापून ठेवलेल्या फळांऐवजी आमच्यासमोर सोललेलं घेतलं. कच्च्या पपईचं सॅलड शेवटच्या दिवसापर्यंत थांबवलं. ('खलबत्त्यात कुटतात, छानच असणार,' असं आई तीन दिवस त्याच्याकडे बघून म्हणत होती. बुधवारी खाल्लं. छानच होतं.)

आणि हो, स्ट्रीट फूड म्हणजे स्वस्तच असंही नाही. बँकॉकच्या जे फाय या रस्त्यावरच्या शेफ आजींना २०१८ च्या मिशेलिन गाईडमध्ये स्टार मिळाला. त्यांच्या खेकड्याच्या ऑम्लेटची किंमत तेव्हापासून हजार बाटांच्या घरात आणि पुढे वरच गेली. आम्ही आमच्या चाळीस बाटवालीकडे परत गेलो. बुधवारी, मुद्दाम, था तियेनला. तिने आईला ओळखलं. स्टूल पुढे केलं. आईने जाताना तिला पर्समधली राजगिऱ्याची वडी दिली. थाईत आईच्या मोठ्या बहिणीला 'पा' म्हणतात, असं मी आईला शिकवलं होतं. पण ती तिला शेवटपर्यंत 'मावशी'च म्हणाली. अर्थ तोच.

पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी

ऑफिसच्या सुट्ट्या टाकून निघणाऱ्या सगळ्यांसाठी. कापून ठेवा.

शब्द: गाय म्हणजे चिकन (घाबरू नका). मू म्हणजे पोर्क. नुआ म्हणजे बीफ. प्ला म्हणजे मासा. कुंग म्हणजे कोळंबी. खाय म्हणजे अंडं. जे म्हणजे कडक शाकाहार. माय फेट म्हणजे तिखट नको, तरीही थोडं असतंच.

पैसे: आम्ही गेलो तेव्हा तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाट फी पडत होती. म्हणजे पाच ऑम्लेट-भात. थोडे थोडे काढू नका. गाडीवर रोखच लागते, सुटे जवळ ठेवा.

औषध: ओआरएसची चार पाकिटं. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घरच्या माणसाला डायबेटिस असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, जेवण चुकलं तर गोळीचं काय करायचं. साखर उतरल्यासारखी वाटली तर तीन चमचे साखर किंवा अर्धा ग्लास गोड रस, पंधरा मिनिटं थांबून परत तपासणी, मग नीट जेवण. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, डॉक्टर गाठा. बिस्किटाचा पुडा आणि साखर तुमच्या पर्समध्ये नको, त्यांच्या पर्समध्ये हवी.

आणि शीट: जेवणाची ओळ सगळ्यात वर. ती भरल्यावर जे उरेल त्यात बुद्ध, बोट आणि शॉपिंग.

माझे अडकलेले पैसे जानेवारीत आले. मी आईला साजरं करायला कर्वे रोडच्या एका उडप्याकडे नेलं. मसाला डोसा १२० रुपये. आईने मेन्यू कार्ड लांब धरलं, डोळे बारीक केले, ओठ हलवत काहीतरी पुटपुटली.

"अठ्ठेचाळीस बाट," ती म्हणाली. "बरंच महाग आहे गं इथे."

आणि मग दोन मागवले.